चार आकडे, तीन अंतरं

ग्रोनलिया
१२ एप्रिल, रविवार

चि. सिंद्रे यास, अनेक आशीर्वाद.

आज मोसमातली शेवटची स्की-शर्यत झाली. सकाळी उणे दोन, दुपारी अधिक सहा. एकतीस जण सुटले, अठ्ठावीस पोचले. मी साडेनऊला गेलो आणि तीनला घरी आलो.

तुझे वडील, आमचा तोरगेइर, गेल्यानंतरचा हा पहिलाच मोसम, म्हणून थोडं लिहितो. बर्फ उशिरा पडला आणि लवकर वितळला. जानेवारीतल्या दोन शर्यती मी चुकवल्या, त्याचं कारण तुला ठाऊक आहे. होल्मेनकोलनची पन्नास किलोमीटरची शर्यत रेडिओवर ऐकली. तोरगेइर असता तर निवेदकाला दर टप्प्यावर गाढव म्हणाला असता, आणि मी त्याला गप्प बस म्हणालो असतो. यंदा सगळं नीट ऐकू आलं. अर्ध्यावर बंद केला.

आज चढावर आमच्या नेहमीच्या जागी शेकोटी पेटवली. खाली मी स्टॉपवॉच घेऊन, वर साठ पावलांवर तो, ही आमची पद्धत तुला आठवत असेल. मी हिशेब करून हातानं खुणा करायचो आणि तो खेळाडूला ओरडून सांगायचा की किती सेकंद पुढे आहेस, किती मागे. त्याचा आवाज पलीकडच्या शेतातल्या गाईंनाही कळायचा. आज सतरा नंबरची मुलगी आली, तेव्हा मीच ओरडलो. तिनं काय म्हणून विचारलं आणि निघून गेली. माझा आवाज वर्गाच्या मागच्या बाकापर्यंतच जातो.

कॉफीच्या टेबलामागे नेहमीप्रमाणे गुद्वेइग होती. तिनं सवयीनं दोन पेले भरले. एक मागे घ्यायला गेली आणि मग म्हणाली की मास्तर, प्या दोन्ही, स्कीच्या काठीसारखे झालात, वाऱ्यानं उडाल. मी दोन्ही प्यालो.

आता मुख्य गोष्ट. अस्थिकलश १६ मे रोजी, शनिवारी, दुपारी एक वाजता पुरायचा ठरला आहे. तोवर जमीन मऊ होईल, असं पाद्री म्हणतात. तू येणार नाहीस असं गुद्वेइगला फोनवर बोललास, ते तिनं मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही. जानेवारीत अंत्यविधीच्या वेळी तू बोटीवर होतास, ते सगळ्यांनी समजून घेतलं. मे महिन्यात समजून घेणं कठीण जाईल. त्याला तू एकटाच मुलगा. ये.

सूनबाई सोल्वोरला आशीर्वाद. लोभ आहे तेवढा सांभाळ, वाढवायचं कधीतरी पुढे पाहू.

तुझा,
आसब्योर्नकाका

&nbsp;

स्वॉल्वेर
२१ एप्रिल

ती. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. कॉड मासळीचा हंगाम संपला, बोट धुऊन झाली, हातांची सालं निघाली आहेत. सोल्वोर म्हणते की या हातांनी मला लोण्याला शिवू देणार नाही. इथल्या लोकांनी तुमच्याकडच्या खेळाडूंची यंदा भरपूर टिंगल केली. तुम्ही स्कीला मेण लावता की मध, असं मला रोज विचारतात. मी पूर्वी तिकडचा होतो, हे ते विसरत नाहीत.

मी येणार नाही. गुद्वेइगनं सांगितलं ते खरं आहे.

तुम्हाला वाटेल एकोणीस वर्षं झाली, आता काय त्याचं. राष्ट्रीय संघाच्या निवडीची शर्यत होती आणि मी तेवीस वर्षांचा होतो. शेवटच्या फेरीत चढावर बाबा ओरडले की हाल्डोरच्या वीस सेकंद पुढे आहेस. मी विश्वास ठेवला. उतारावर बर्फ काचेसारखा झाला होता, म्हणून पडायला नको अशा बेतानं उतरलो. शेवटच्या सपाटीवर जोर लावला, तरी चार सेकंदांनी जागा गेली. खरं तर तेव्हा मी दहा सेकंद मागे होतो. कळलं असतं, तर मी तो उतार डोळे मिटून घेतला असता.

चूक होते, तेवढं मी गिळलं असतं. पण संध्याकाळी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले की मास्तर कॉफी आणायला गेला होता, घड्याळ माझ्याच हातात होतं, मोजताना गडबड झाली. आणि हसले. म्हणाले, तीस सेकंदांचं काय घेऊन बसलास, आयुष्य पडलंय. त्यांचं ते हसणं माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आणखी एक. जानेवारीत त्या आठवड्यात वादळ होतं. बोट चार दिवस धक्क्यालाच बांधलेली होती. मी येऊ शकलो असतो. हे इतर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला खोटं सांगवत नाही, कारण त्या सगळ्या गावात नीट मोजणारे तुम्ही एकटेच होता.

तब्येतीला जपा. माझ्यावरचा लोभ या एका नकारानं कमी करू नका.

आपला,
सिंद्रे

&nbsp;

ग्रोनलिया
२७ एप्रिल, सोमवार

चि. सिंद्रे यास, आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी आणि रविवारी उत्तर लिहिलं आणि फाडलं. आज शेवटपर्यंत लिहितो.

मी कॉफी आणायला गेलो नव्हतो. घड्याळ माझ्या हातात होतं. हिशेब मी केला. तोरगेइरनं मी खुणेनं सांगितलेला आकडा फक्त ओरडून सांगितला.

हाल्डोरचा नंबर एकवीस, तुझा चोवीस. दोन खेळाडूंच्या सुटण्यात अर्ध्या मिनिटाचं अंतर. मी हातमोज्यातल्या बोटांवर मोजलं : एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस. चार झाले. चार अर्धी मिनिटं म्हणजे तू त्याच्यामागून दोन मिनिटांनी सुटलास, असं धरलं. चढावर तो गेल्यावर एक मिनिट चाळीस सेकंदांनी तू आलास. म्हणून वीस सेकंद पुढे. आकडे चार होते, पण त्यांच्यातली अंतरं तीनच. तू दीड मिनिटानंच सुटला होतास. दहा सेकंद मागे होतास.

निकालाचा कागद लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं. स्कीला मेण लावायच्या खोपटामागे तोरगेइरला गाठून सांगितलं. तोवर तो तुला कॉफीची थाप मारून मोकळा झाला होता. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला की खूण पाहतानाच मला तो आकडा जरा जास्तच गोड वाटला होता, पण मास्तरला कोण विचारणार. मग म्हणाला की गप बस, पोरगं बापावर चिडलंय, बुधवारपर्यंत उतरेल. पण, तो मला म्हणाला, चौथीच्या पोरांना शिकवणारा मास्तर चारपर्यंत मोजताना चुकला हे बाहेर गेलं, तर दुधाच्या गाडीवाल्यापासून सगळे तुला म्हातारा होईपर्यंत बोटं मोजून दाखवतील. तेव्हाही तो हसत होता. तुझ्यासमोरचं हसणं तसलंच होतं. अवघडला की तो हसायचा. स्वतःच्या आईच्या दफनाच्या वेळीही हसला होता.

मी गप्प बसलो. बुधवार आला आणि गेला. वसंतात तू उत्तरेला निघून गेलास. नंतर दोनदा मी त्याला म्हणालो की सिंद्रेला लिहितो. पहिल्या वेळी म्हणाला, आता जुनं झालं, उकरू नकोस. दुसऱ्या वेळी, तीन वर्षांपूर्वी नाताळात, उठून अंगणातला बर्फ काढायला गेला. अंगण सकाळीच साफ केलेलं होतं.

पत्र लिहायला मला त्याच्या परवानगीची गरज नव्हती. मी शाळेत मान राखून होतो, तो राखायचा होता. एवढंच कारण आहे. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

माझ्यासाठी येऊ नकोस. त्याच्यासाठी ये. मी नको असेन तर मी घरी थांबेन.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव. मी विचारणार नाही.

आसब्योर्नकाका

&nbsp;

स्वॉल्वेर
५ मे

ती. काका यांस, नमस्कार.

पत्र धक्क्यावर उभ्यानं वाचलं. घरी येऊन सोल्वोरला वाचून दाखवलं. चार आकड्यांपाशी आलो तेव्हा तिनं विचारलं की हसतोयस काय. मी हसत नव्हतो.

चौथीत हीच चूक केली म्हणून तुम्ही मला शाळेच्या कुंपणापाशी उभं केलं होतंत. खांब मोज, मग मधल्या फटी मोज, म्हणालात. बाबा ट्रॅक्टरवरून जात होते. थांबले आणि म्हणाले की मास्तर, सोड त्याला, कुंपण काही पळून जात नाही.

ते माझ्या प्रत्येक वाढदिवसाला फोन करायचे. मी फोन सोल्वोरच्या हातात द्यायचो. ती त्यांना हवामान सांगायची. एकोणीस वाढदिवस. हे मोजताना माझी चूक झालेली नाही.

मी येतोय. १५ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं. बाबांच्या घरी झोपेन, किल्ली गुद्वेइगकडे आहे. तुम्ही स्टेशनवर येऊ नका. दफनाला या, तुमचा तो हक्क आहे, पण मला तिथं बोलायला लावू नका. माझ्याकडे अजून शब्द नाहीत, आणि जे आहेत ते तिथं बोलण्यासारखे नाहीत.

लोभाचं या पत्रात लिहीत नाही.

सिंद्रे

&nbsp;

ग्रोनलिया
१८ मे, सोमवार

चि. सिंद्रे यास, आशीर्वाद.

तू सुखरूप पोचला असशील. काल इथं राष्ट्रीय दिनाची मिरवणूक झाली. बँडचे सूर दर वर्षीसारखेच चुकले. गुद्वेइगनं मला आईस्क्रीम खायला लावलं आणि तुझ्याबद्दल काही विचारलं नाही. तिला हे किती जड गेलं असेल, तू जाणतोस.

शनिवारी मी दफनभूमीच्या फाटकापाशीच थांबलो, ते तुझ्या लक्षात आलं असेल. पाद्रींनी दोनदा जवळ बोलावलं. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. कलश तू स्वतः खाली ठेवलास, मातीही तूच लोटलीस, आणि सगळे निघाल्यावर खाली बसून बराच वेळ काहीतरी बोललास. मला ऐकू आलं नाही. ऐकू येईल इतका जवळ मी मुद्दामच उभा नव्हतो.

मग तू फाटकाकडे आलास. मला वाटलं पुढे जाशील. तू थांबून म्हणालास की थडग्यावर पॅन्सीच्या फुलांची रोपं लावली आहेत, आठवडाभर पाऊस नाही, पाणी लागेल. मी विचारलं, रोज का. तू म्हणालास की रोज नको, कुजतील, एक दिवसाआड. आणि गेलास.

तू एवढंच बोललास. मी जास्तीची अपेक्षा केली नव्हती. तोरगेइर मात्र म्हणाला असता की मास्तरला काम देऊन गेला, म्हणजे अगदीच सोडलेलं नाही. तो नेहमी पुढचंच धरून चालायचा. मी तसं धरत नाही. पाण्याचं काम मात्र घेतलं आहे.

शनिवारी तू पाणी घातलंस. रविवार सोडला. आज सोमवार. दोनदा मोजून पाहिलं.

सोल्वोरला माझा नमस्कार सांगावासा वाटला तर सांग. लोभ मागत नाही. कधी लिहिलंस तर पत्र पोचेल.

तुझा,
आसब्योर्नकाका

ता. क. साडेचार वाजले. पत्र टाकायच्या आधी जाऊन आलो. तिथं कुणी नव्हतं. नळ फाटकाच्या आत डाव्या हाताला आहे, झारी तिथंच टांगलेली असते. दोन झाऱ्या पाणी पुरलं. झारी उपडी करून परत खुंटीला लावली.