कडब्याच्या गंजीला बोटीचा दोर

शिराळा, ऑगस्ट १९९६, शुक्रवार संध्याकाळ

सुट्टीवर घरी आलो, तरी हात स्वस्थ बसत नाहीत. बोटीवर कंटेनर आवळतो तशी आज परड्यातली कडब्याची गंजी दोरानं आवळली. बायको हसली, "आवं, ही काय बोट हाय व्हय? हिथं कोन हलवतंय?"

मीही हसलो. पण कंपनीची नवी बोट डोक्यातून जात नाही. तिच्यात लोखंडी खाचा आहेत. क्रेन कंटेनर खाचेत सोडते, तो तिथंच पक्का बसतो, दोरानं आवळावा लागत नाही. मग बांधणारे आम्ही कशाला? पुढच्या फेरीला बोलावतील का?

तिन्हीसांजेला पुन्हा दोर ओढून पाहिला. घट्टच होता. बायको म्हणाली, "पुरं की आता! बोटीवर गेल्यावर बांधत बसा."

तिला नव्या बोटीचं सांगायला तोंड उघडलं, आणि दोर आणखी एकदा आवळला.