ट्रकच्या हॉर्नवर पारखलेला हेडफोन

वसतिगृह, खोली नंबर चौदा,
भंडारा.
मंगळवार, दुपार

आदरणीय तेजराम मामा यांस,

भाच्याकडून काय लिहावं, इथंच गाडी अडली. साष्टांग नमस्कार लिहावा, तर आपल्याकडं मामाच भाच्याच्या पाया पडते. आशीर्वाद लिहावा, तर माझी सध्याची लायकी पाहता तो तुम्ही न घेतलेलाच बरा. म्हणून दोन्हीकडून अर्धं अर्धं समजा. जवाहरनगरले तुमची तब्येत, मामीचे गुडघे, क्वार्टरमागचा पेरू आणि रक्षाची दहावी, सगळं ठीक असन अशी आशा करतो. माझी तब्येत चांगली आहे. म्हणजे जेवण जाते, झोप येते, बाकी काहीच चांगलं नाही. (शाळेत शिकवलेली पत्राची मराठी इथं संपली. पुढं आपली चालू करतो, राग मानू नका.)

फोन न करता कागद काहून काळा करून राहिलो ते पहिले सांगतो. तुम्ही ड्युटीवर असता तेव्हा फोन मामी उचलते, मामी तो स्पीकरवर टाकते, आणि मामीनं ऐकलं ते दिवे लागायच्या आत पवनीले आईपर्यंत पोहोचते, त्याले टॉवरही लागत नाही. ही गोष्ट आईपर्यंत जायची नाही. म्हणून पाकीट, म्हणून तिकीट, आणि म्हणून पोस्टातली ती खळ, जी बोटाले चिकटते पण पाकिटाले चिकटत नाही.

तर मामा, माझ्या खोलीत मी आणि मनिष, दोघंच राहतो. मनिष लाखनीकडचा, काडीसारखा बारीक आणि एक नंबरचा किरकिऱ्या. दीड वर्षापासून तो वनरक्षकाच्या भरतीची तयारी करून राहिला होता. सकाळी पाचले मैदानात धावते, आल्यावर पुस्तकात तोंड खुपसते, आणि ते तोंड बाहेर निघायची कारणं दोनच, एक जेवण आणि दुसरं मी. मी गेम खेळतो हे तुम्हाले माहीत आहे (नसन तर आता झालं), आणि गाणी ऐकतो. बसस्टँडवर घेतलेल्या कानात खुपसायच्या वायरीतून तो आवाज माझ्यापेक्षा मनिषच्याच कानात जास्त जायचा. पण किरकिऱ्या म्हणलं तरी हेही सांगतो, कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी तापानं फणफणलो तेव्हा ह्याच माणसानं मले सायकलवर डबलसीट सरकारी दवाखान्यात नेलं आणि माझं अख्खं जर्नल स्वतःच्या हातानं लिहून काढलं. सर म्हणाले, अमर, आजारपणात तुझं अक्षर सुधारलं. असा मित्र दुसरा नाही मले, मामा. त्याच्याआधी एकही नव्हता, तर दुसरा कुठून असन?

दिवाळीनंतर तो म्हणाला, डिसेंबरात परीक्षा आहे, आता एक तर तुझा आवाज खोलीत राहीन नाही तर मी. मग मी हेडफोनच्या शोधाले लागलो. नऊ नंबरमधला विनोद हा आमच्या वसतिगृहाचा त्या विषयातला तज्ज्ञ. (त्याच्या स्वतःच्या हेडफोनचा डावा कान पावसाळ्यापासून मेलेला आहे, पण तज्ज्ञाले ते चालते.) त्यानं मले दीड तास समजावलं. हेडफोन दोन जातीचे. एक मागून जाळीचे, उघडे. त्यात गाणं मोकळं वाटते, गेममध्ये दुश्मन कोणत्या बाजूनं येऊन राहिला ते पावलांवरून कळते, पण आतलं सगळं बाहेर सांडते. दुसरे मागून बंद, त्यात आतलं आत आणि बाहेरचं बाहेर, फक्त कान उकडून निघते. विनोदचं म्हणणं उघडाच घे, संगीताचा आत्मा त्यातच असते. मी म्हणलं, आत्मा राहू दे बे, माझा मनिष खोली सोडून जाऊन राहिला. बंद ठरला. बिनवायरचा एकाचा घेऊन पाहिला, तर त्यात आवाज उशिरा येते, गेममधली गोळी मी मेल्यावर ऐकू येते. म्हणून वायरचा ठरला. त्यात गाण्याले बेस पाहिजे, गेमले पावलं पाहिजे, माझ्या चष्म्याच्या काडीले जागा पाहिजे आणि मनिषले शांतता पाहिजे. चार सासवांसाठी एकच सून शोधायची असं झालं.

शेवटी मनिषच म्हणाला, रविवारी लाखनीले चाल, तिथं आमच्या गावच्या भैय्यालालचं दुकान आहे, तो डबा उघडून हाताळू देते. दुकान एकदम हायवेले लागून. एका बाजूले पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूले चहाची टपरी, समोरून ट्रकामागं ट्रक. भैय्यालालनं चार बंद हेडफोन काढून ठेवले. आता मी गाणं लावायचं आणि बाजूले बसलेल्या मनिषले ऐकू येते का पाहायचं, एवढी सोपी परीक्षा. मनिष स्टुलावर बसला, मी आवाज फुल केला. पण त्या ट्रकांच्या गोंगाटात त्याले माझं गाणं तर सोडा, स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. चारही हेडफोन पास! मग मनिषचं डोकं चाललं. (दीड वर्ष बुद्धिमत्ता चाचणी सोडवलेलं डोकं ते.) म्हणाला, जो आतला आवाज बाहेर जाऊ देत नाही तो बाहेरचाही आत येऊ देणार नाही, आपण उलटं मोजू. मी हायवेकडं पाठ करून डोळे मिटायचे, गाणं चालू ठेवायचं, आणि ट्रकचा हॉर्न ऐकू आला की हात वर करायचा. पहिल्यात हात वर. दुसऱ्यात वर. तिसऱ्यात अर्धा वर. चौथा घातला आणि मी नुसता उभा. मनिष सांगते की माझ्यामागून दोन टँकर, कोंबड्यांची गाडी आणि धानाच्या पोत्यांचे पाच ट्रक हॉर्न मारत गेले, पंक्चरवाला रिमवर घण घालून राहिला होता, आणि मी आपला मान डोलवून राहिलो होतो. तोच घेतला, आणि आम्ही इतके खूश झालो की टपरीवर भैय्यालाललेही चहा पाजला. दोन खाटांच्या खोलीले हायवेवर पारखलेला हेडफोन कायले पाहिजे, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तीन आठवडे आमच्या खोलीत स्वर्ग होता. मनिष नदी-नाले, अभयारण्यं, झाडांची शास्त्रीय नावं पाठ करे, मी माझ्या लढाया लढत राहो, आणि कोणाचं कोणाले काही ऐकू येत नव्हतं. मनिषनं तर विनोदले सांगतलं की आम्ही दोघांनी मिळून घेतलेली ही पहिली अकलेची गोष्ट.

मग तो रविवार आला. परीक्षा नागपूरले, गेट अकराले बंद होणार. मनिषनं आदल्या दिवशीच हॉल तिकीट, आधार कार्ड, दोन फोटो, दोन पेन फायलीत लावून फाईल टेबलावर ठेवली होती. साडेसातले तो खाली मेसमध्ये पोहे खायले गेला, वर येऊन फाईल घ्यायची आणि आठची एसटी धरायची. आता माझं पाहा. मी ठरवलं होतं की आज मनिषच्या डोक्याले माझा जराही त्रास होऊ द्यायचा नाही, म्हणून हेडफोन घातला. रविवारी रेक्टर सर फेरी मारतात आणि गेम खेळणाऱ्याचा मोबाईल उचलून नेतात, म्हणून आतून कडी लावली. आणि मधात कोणाचा फोन येऊन गेम तुटू नये म्हणून येणारे फोन बंद करून ठेवले. तिन्ही गोष्टी सावधगिरीच्या होत्या, मामा. तीन सावधगिऱ्या मिळून एक सत्यानाश होते हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

पुढचं मले नंतर कळलं. मनिष वर आला, त्यानं दार वाजवलं. मग ठोकलं. मग लाथा मारल्या. विनोदनं मले एकोणीस फोन लावले. मेसच्या सीताबाई लाटणं घेऊन वर आल्या आणि त्या लाटण्यानं दार बडवून राहिल्या. खालून पोट्टे खिडकीवर खडे मारून राहिले होते. अख्खं वसतिगृह चौदा नंबरसमोर जमा झालं, काही जणांनी तर मी आतमध्ये मेलो असं धरून माझ्याबद्दल चांगलंही बोलून घेतलं. आणि मी आत होतो, भिंतीकडं तोंड करून, कधी नव्हे तो जिंकून राहिलो होतो. मधात खाट थोडी हलली, पाठीत धडधड धडधड जाणवली. मी मनात म्हणलं, वा रे पठ्ठे, काय बेस आहे! मामा, तो बेस नव्हता. तो मनिष होता.

रेक्टर सरांनी कडी तोडवली तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मनिषनं माझ्याकडं पाहिलंही नाही. फाईल उचलली आणि तीन-तीन पायऱ्या उड्या मारत गेला. आमच्या मैदानात त्याच्याइतकं जोरात कोणी धावत नाही, पण एसटीच्या आत बसून माणूस किती धावणार? अकरा वीसले गेटवर पोहोचला. घेतलं नाही. गेटवाल्याचं काही चुकलं नाही, अकरा म्हणजे अकरा. चुकलं ते माझं, पूर्ण माझं. वनरक्षकाची भरती काही दर सोमवारच्या बाजारासारखी भरत नाही, पुढची कधी निघन देव जाणे. संध्याकाळी तो परत आला, फाईल टेबलावर होती तिथंच ठेवली, बूट काढले आणि भिंतीकडं तोंड करून झोपून गेला. शिव्या दिल्या असत्या, दोन कानाखाली हाणल्या असत्या, तर माझा जीव तरी हलका झाला असता. त्या दिवशी मले घास गेला नाही. (वर जेवण जाते म्हणून लिहिलं ते त्यानंतरचं आहे.)

तीन दिवस तो एक शब्द बोलला नाही. चौथ्या दिवशी माझ्यासमोर आला आणि हात पुढं केला. मले वाटलं आता हा हेडफोन जमिनीवर आपटते, आणि आपटायलेच पाहिजे. मी दोन्ही हातांनी दिला. त्यानं तो शांतपणे आपल्या कानावर चढवला, वायरीचं टोक शर्टच्या खिशात घातलं आणि पुस्तक उघडून बसला. गाणं नाही, गेम नाही, वायर कुठंच जोडलेली नाही. तेव्हापासून खोलीत पाय ठेवला की हेडफोन कानावर. मी आतापर्यंत अकरा वेळा माफी मागितली. बसून मागितली, उभ्यानं मागितली, एकदा त्याच्या खाटेसमोर उकिडवं बसून मागितली. जिथं टँकरचा हॉर्न गेला नाही तिथं माझा आवाज काय जाते? चिठ्ठी लिहून ठेवली, तर ती न उघडता त्यानं पुस्तकात खूण म्हणून घातली. आता त्यानं खोली बदलायचा अर्ज दिला आहे, एक तारखेले निकाल लागते.

तर मामा, विनंती एवढीच. एक असाच दिसणारा, काळा, पण एकदम भिकार हेडफोन तिकडं मिळाला तर पाठवून द्या, ज्यातून बाहेरचं सगळं ऐकू येते. मनिष अंघोळीले गेला की मी तो बदलून ठेवीन आणि बाराव्यांदा माफी मागीन.

मामीले नमस्कार, रक्षाले अभ्यास कर म्हणून सांगा, दार उघडं ठेवून.

तुमचा, पाया पडून घ्यायच्या लायकीचा न राहिलेला भाचा,
अमर

ता. क. आईले सांगू नका. बाबांले तर नाहीच, ते म्हणतील, मी आधीच म्हणलं होतं. त्यांनी काहीच म्हणलं नव्हतं, तरी म्हणतील.

ता. क. दोन. वरचं भिकार हेडफोनाचं राहू द्या. तो बदललेला हेडफोन मनिष कानाले लागताच ओळखन, आणि मग फसवणुकीची अजून एक माफी मागावी लागन.

ता. क. तीन. खरं काम हे आहे, आणि ते वर लिहायची हिंमत झाली नाही. हे पत्र वाचून झालं की दुसऱ्या पाकिटात घाला आणि ह्याच पत्त्यावर, खोली नंबर चौदा, पण मनिषच्या नावानं पोस्टात टाका. एक तारखेच्या आत टाका. माझ्या हातची चिठ्ठी तो उघडत नाही, पण पोस्टमननं आणलेलं पाकीट तो उभ्याउभ्याच फोडते, भरतीचं काही असन म्हणून. म्हणूनच पाकिटावर पाठवणार म्हणून तुमचं नाव मोठं लिहा, नाही तर त्याले खरंच भरतीचं वाटन आणि मी दुसऱ्यांदा त्याचा घात करीन. पहिल्या पानावर मी त्याले किरकिऱ्या म्हणलं ते खोडू नका, खोडलेलं तो उजेडाले धरून वाचते. एवढं लांब पत्र लिहिलं, पण ज्याच्यासाठी लिहिलं ते त्यात कुठंच सरळ लिहिलं नाही. ते आता लिहितो. ही पुढची ओळ तुमची नाही, मामा.

मनिष, चुकलं बे माझं. जाऊ नको.