बांबूच्या टोकाचा पळस

गुरुवार, २१ फेब्रुवारी १९५७

परवाच्या पानावर मी लिहिलं आहे – "बंडीच्या मागं लाल निशाणी नव्हती." हे चूक आहे. निशाणी होती. कपडा नव्हता, पळसाच्या फुलांचा झुबका होता. परवाचं वाक्य खोडत नाही. खोडलं तर काय चुकलं होतं तेच दिसणार नाही. इथंच दुरुस्त करते.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास दादा आणि मी जीपनं मूलला निघालो. मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेला माणसं न्यायची म्हणून टपावर ताडपत्री घालायची होती. जंगलातल्या दुसऱ्या वळणावर, ऊन समोरून डोळ्यांत, पुढं बांबूनं भरलेली बैलांची बंडी. बांबू बंडीच्या मागं आठ-नऊ हात बाहेर आलेले; अशा टोकाला लाल कपडा बांधायचा नियम आहे. दादानं ब्रेक दाबला तोवर टोकं जीपच्या जाळीत घुसली होती. रेडिएटर फुटला, एक काच गेली. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. पण धक्का बांबूंतून थेट जुवावर गेला आणि डावा बैल गुडघ्यावर पडला. बंडी जंगूची. जंगलाच्या कडेच्या गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, राहतो.

काच फुटल्यावर माझ्या मांडीवर पळसाची फुलं पडली होती. मी ती झटकली. काचा झटकाव्यात तशी.

मग ठाण्यात रिपोर्ट. मुंशी म्हणाला, "पोरगी शिकली हाय नं? मग तिलेच लिहू द्या. निवडणुकीच्या याद्या लिहून माझा हात मोडून राह्यला." दादानं सांगितलं, मी लिहिलं. खाली दादाची सही. साक्षीदार म्हणून माझी. निशाणीचं वाक्य त्यातही आहे, आणि त्यातलं मला इथून दुरुस्त करता येत नाही.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

जीप अंगणात. दादा तिच्याकडं पाहत बसतो आणि माझ्याकडं पाहत नाही.

शनिवार, २३ फेब्रुवारी

चांद्याहून विमा कंपनीचा माणूस आला. तीन कप चहा, एक छापील कागद, एकतीस प्रश्न. आईचा पहिला सवाल – "पोरीचं नाव कायले घालता त्याच्यात? उद्या पाव्हणे येतीन." तो म्हणाला, "बाई, साक्षीदार आहे ती, नवरी नाही." मग सगळे हसले. मी सोडून.

ही जीप लढाईतली. कुण्या कंत्राटदारानं लिलावात घेतली, पाच वर्षं जंगलात पिदडली आणि दादाला हप्त्यानं विकली. तेव्हाचे कागदही मीच वाचून दाखवले होते. "खरेदीदाराने वाहन पाहून समाधान करून घेतले आहे," हे वाचून मी थांबले होते. दादा म्हणाला, "समाधान झालं नं माह्यं. पुढं वाच." आमच्या घरातलं पहिलं शिक्षण म्हणजे घरातली पहिली कारकुनी. सातवी पास झाले त्या दिवसापासून अख्ख्या आळीचे अर्ज माझ्याच अक्षरात जातात. लोक काय सांगतात ते मी लिहायचं, आणि खरं आहे का ते विचारायचं नाही.

विमावाला जाताना म्हणाला, "निशाणी नव्हती हे रिपोर्टात स्पष्ट आहे ना? मग काळजी नाही. निशाणी असती तर चूक जीपची धरली असती."

दादाचा चेहरा उजळला. मी कप उचलून आत गेले.

सोमवार, २५ फेब्रुवारी

सकाळी जंगू आणि त्याची बायको बुधरी आले. अंगणाबाहेरच बसले. दादा मागच्या दारानं शेतावर गेला – शेतात आज काहीही काम नाही.

जंगू भांडायला आलाच नव्हता. बैलासाठी हळद आणि तेल मागायला आला होता. आईनं दिलं, वर खायला मुर्रा दिला. तेवढ्यात मी विचारलं – "कपडा का नव्हता बांधला?"

तो म्हणाला, "कपडा बांधतो नं बाई. दिवाळीले बांधलो होतो. उन्हानं पांढरा झाला. पांढऱ्या चिंधीले कोन लाल म्हणन? म्हणून माघापासून फूल बांधतो आमी सारे. रोज सकाळी ताजं. चिंधीपक्षा लाल राह्यते."

बुधरी म्हणाली, "त्या दिवशी मीच बांधली. चांगली मोठी फांदी. जंगूले म्हटलं, नवरदेवासारकी दिसून राह्यली तुही बंडी."

आणि हसली. जंगूही हसला. मला त्या दोघांचा रागच आला. रिपोर्टात काय लिहिलं आहे ते त्यांना माहीत असतं तर हसले नसते. मी सांगितलं नाही.

बंडी ठाण्याच्या आवारात अडकवली आहे. बांबूच्या ठेकेदाराच्या माणसानं बंडीचा बांबू वाहायचा पास काढून घेतला. तेरा मार्चला मॅजिस्ट्रेटसमोर तारीख. निकाल विरुद्ध गेला तर पास दुसऱ्याला. बांबूचा हंगाम पावसापर्यंतच, आणि जंगूकडं एकरभर पडीक जमिनीशिवाय काही नाही.

बुधवार, २७ फेब्रुवारी

महाशिवरात्र. दादानं जीपनं न्यायचं कबूल केलेली चौदा माणसं बंड्यांनी मार्कंड्याला गेली. जाताना एकेकजण अंगणात डोकावून जीपला नमस्कार करून गेला. शेजारची गुणाबाई तर दादाला म्हणाली, "गुणवंता, हिलेच घाल पिंडीवर." दादा दिवसभर घरात. मीही गेले नाही. देवळात जाऊन काय मागायचं ते ठरत नव्हतं.

रस्त्यानं गेलेल्या बांबूच्या बंड्या मोजल्या. अकरा. नऊंना पळस, एकीला कपडा, एकीला काहीच नाही.

शनिवार, २ मार्च

आजचा दिवस लिहायलाच नको होता, पण लिहिते.

ठाण्यातून बोलावणं. मला वाटलं सुटले, आता विचारतील आणि मी सांगेन. जाऊन पाहते तर बाकावर जंगू. मुंशी म्हणाला, "याचं बयान घ्याचं हाय. शिपाई सारे निवडणुकीच्या बंदोबस्ताले. तुम्ही लिहा."

मी म्हटलं, "अहो, याच्याविरुद्धचा रिपोर्टही माझ्याच अक्षरात आहे."

"मग बरंच. ठिकाणाचं वर्णन तुमाले पाठ हाय."

मी लिहिलं. जंगू बोलत गेला तसं. पळस होता, रोज ताजा बांधतो, बायकोनं बांधला. एक शब्द कमी नाही, जास्त नाही. वाचून दाखवलं. त्यानं अंगठा दिला आणि मला म्हणाला, "बरी लिवली. तू तेथीच होती नं, तुले ठाऊक हाय."

मुंशीनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. वाचले. पुन्हा वाचले.

"अक्षर एक, गोष्टी दोन! साहेबापुढं हे गेलं त म्हणतीन, थानं हाय का दंडारीचा खेळ?"

मी म्हटलं, दुसरी गोष्ट खरी आहे. तो चष्म्यावरून पाहत राहिला. मग आवाज उतरवून, जरा आपुलकीनंच म्हणाला – "बाई, ह्या कागदावर अंगठा हाय. त्याच्यावर दोन सह्या हाय, त्यातली एक तुमची. फूल असो का तुरा, नियमात कपडा लिहिला हाय. बदलाचं असन त साक्षीदारानं सोता येऊन नवं बयान द्यावं. मी घेईन. पण मग खोटा रिपोट कोनं देल्ला, हे साहेब विचारतीन. तुमच्या भावाचं लायसन जाईन, जीप जाईन. घरी जा, विचार करा."

मी घरी आले. विचार केला. त्यानं काही होत नाही.

सगळ्यात चीड कशाची आली तर, मुंशी वाईट माणूस नाही. विमावालाही नाही. प्रत्येकजण आपापला कागद नीट ठेवून आहे.

मंगळवार, ५ मार्च

आज जेवताना दादाला सांगितलं. त्यानं हात धुतले, मग बोलला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"फूल होतं म्हणते. बरं, होतं. मले लाल दिसलंही असन. पन वच्छे, बाहेर पाह्य जरा. अर्धं रान लाल हाय. मी काय दर पळसापाशी ब्रेक मारू?"

अकरा महिने लाल म्हणजे थांब, आणि ज्या महिन्यात अख्खं जंगलच लाल होतं नेमक्या त्याच महिन्यात ही माणसं लाल फूल बांधतात. जंगूची चूक म्हणावी तर ती एवढीच. पण रिपोर्टात ती लिहिलेलीच नाही. तिथं लिहिलं आहे, काहीच नव्हतं.

आई म्हणाली, "फुलाले कोनी निशाणी म्हनते का? फूल देवाले वाहाव, नाई त केसात घालाव."

मी म्हटलं, "जंगूचा पास जाईल."

"आन ह्याची जीप जाईन त? हप्ते तू भरशीन?"

मी दादाला म्हटलं – तू सांगितलंस तसं मी लिहिलं, आता तूच चल ठाण्यात, चुकून झालं म्हण. तो उठला. दारात थांबला. माझ्याकडं न पाहता म्हणाला, "मी सांगतलो? आठव जरा. मी तुले विचारलो होतो."

यावर आज लिहीत नाही.

शुक्रवार, ८ मार्च

लिहायला बसले. लिहिलं नाही.

शनिवार, ९ मार्च

बुधरी मोहाची टोपली घेऊन बाजाराला जाताना भेटली. बैल उभा राहतो, चालत नाही, म्हणाली. जंगू दुसऱ्याच्या बंडीवर हमालीला जातो. मग म्हणाली, "तू लिवली म्हनते जंगूचं बयान. आमी बिनघोर हाओत." टोपलीला हात लावून डोक्यावर चढवून दिली, एवढंच केलं.

आमच्या आळीतले म्हणतात, गोंडाच्या एका पासासाठी घरची जीप घालवायची का? मला ही तुलनाच नको. मला फक्त माझं एक वाक्य परत पाहिजे.

रविवार, १० मार्च

आणखी एक दुरुस्ती. २१ तारखेला मी लिहिलं – "दादानं सांगितलं, मी लिहिलं." हे निशाणीच्या वाक्याबद्दल खरं नाही. दादानं ठाण्यात विचारलं होतं, "मांगं काही बांधलं होतं का?" मी म्हटलं, "नव्हतं." वाक्य माझं आहे.

का म्हटलं तेही लिहिते. जीपचा भोंगा दिवाळीपासून बंद. पुढं बंडी दिसली की मी ओरडायचं, असं आमचं ठरलेलं होतं. त्या दिवशी मी पहिल्या वळणापर्यंत चार वेळा ओरडले. दादा वैतागून म्हणाला, "किती कोकलते, गाडी मी चालवून राह्यलो का तू?" मी रुसून गप्प बसले. दुसऱ्या वळणावर मला पळस दिसला. त्याच्याआधी दिसला. झाडावरचा पळस जागेवर असतो, हा पुढं पुढं सरकत होता. मला कळलं ही बंडी आहे. आणि मी ओरडले नाही. त्याला दिसू दे, म्हटलं. ठाण्यात 'होतं' म्हटलं असतं, तर दिसूनही गप्प का बसलीस, हेही सांगावं लागलं असतं.

हे जंगूनं केलेलं नाही. दादानंही नाही.

मुंशी बंदोबस्तावरून मंगळवारी परत येतो, तारीख बुधवारी आहे. मंगळवार, १२ मार्च, सकाळी ठाण्यात जाऊन माझं बयान मी माझ्या हातानं लिहीन. दादाला उद्या सांगेन.