तिसरी रांग राहणार की जाणार

३ एप्रिल
मुलीनं ही डायरी जानेवारीत दिली आणि मी आज सुरुवात करतोय. उशिराबद्दल माफी असावी. वाचणारा मीच, तेव्हा माफ केलं.
आजवर लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. जावई मोठी लक्झरी एसयूव्ही घेणार. नवं डिझाइन येतंय म्हणून थांबलेत. गाडी आली की सगळे समुद्रावर. फोनवर म्हणाले, "बाबा, तुम्हीही चला." मी म्हटलं, "छे छे, माझं काय, हा असा गुडघा. तुम्ही जा." एकदा नको म्हणावं लागतं. सासरा लगेच हो म्हणाला तर बरं दिसत नाही. त्यांना कळलं असणारच. शहाणे आहेत.

७ एप्रिल
मुलगी, जावई, दोन नातवंडं, विहीणबाई. पाच झाले. मी सहावा, म्हणजे अगदी मागे, तिसऱ्या रांगेत. आणि खालचा गॅरेजवाला म्हणतो, नव्या डिझाइनमध्ये तिसरी रांगच काढून टाकणार म्हणे. मी हसण्यावारी नेलं. दुपारी जेवण गेलं नाही.

८ एप्रिल
शाळा सातवीत सुटली, पण जन्मभर गाड्यांच्या सीटा शिवल्या. माझ्याइतकं यातलं कुणाला कळणार? मोबाइलवर नव्या गाडीचे चोरून काढलेले फोटो पाहिले. डिझाइन कळू नये म्हणून गाडीभर झेब्र्यासारखे पट्टे चिकटवलेत. भिंग लावलं. मागच्या काचेत डोकं टेकायची उशी स्पष्ट दिसली. रांग आहे.
शेजारीण म्हणाली, तो तुमच्या मोबाइलला गेलेला तडा आहे. तिला सीटमधलं काय कळतं.

१५ एप्रिल
तिसऱ्या रांगेत शिरायचं तर वाकून, तिरकं व्हावं लागतं. उद्यापासून रोज गुडघ्याचा व्यायाम. यात आता बदल नाही.

१६ एप्रिल
व्यायाम उद्यापासून. आज गुडघा दुखत होता.

२२ एप्रिल, सकाळ
व्यायामापेक्षा सराव बरा. घरातच तिसरी रांग उभारली. सोफा ही मधली सीट, मागे भिंत, मधल्या फटीत बुटकं स्टूल. टेप लावून मापं घेतली. शिरलो. झकास बसलो. हे लोक उगाच घाबरवतात.

दुपार
निघता येईना. शेजारणीला हाक मारली. तिनं सोफा ओढला आणि विचारलं, इथे काय करत होता? म्हटलं, चष्मा शोधत होतो. चष्मा नाकावर होता. ती चहा करून देऊन गेली.
एकंदरीत सराव यशस्वी.

५ मे
नवी बातमी. गाडी चार बोटं लांब होणार. ती चार बोटं मागच्यांच्या पायांसाठीच असणार, दुसरं कारण काय? गॅरेजवाल्याला उशीचा उतार कसा हवा तेही समजावलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही गाडीत बसणार आहात की गाडी बनवणार आहात?" माझ्या ज्ञानानं माणूस दबला.
मुलीचा फोन नाही. अचानक दारात गाडी उभी करायचा बेत दिसतो.

९ मे
बॅग भरली. मग रिकामी केली. भरलेली दिसली तर त्यांना वाटेल, म्हातारा टपूनच बसला होता.

२० मे
गाडी बाजारात आली! तिसरी रांग आहे! पाच सीटची मिळते आणि सात सीटचीही. गॅरेजवाल्याला खाली जाऊन सांगून आलो. पायऱ्या उतरताना गुडघा जाणवलासुद्धा नाही. वर येताना जाणवला. बॅग भरली.

२४ मे
मुलीचा फोन आला. गाडी घेतली. पाच सीटची.
तिसऱ्या रांगेचं काय, असं सहज विचारलं. सीटा शिवणारा माणूस, विचारणारच. ती म्हणाली, "ह्यांनी सात सीटचीच बघून ठेवली होती, बाबा. पण तुम्ही येणार नाही म्हणालात. मग रिकाम्या सीटा कशाला? डिकी तरी मोठी मिळते."
मी म्हटलं, बरोबर आहे. डिकी मोठीच हवी.
मग ती म्हणाली, "मुलांना मांडीवर घेऊ, सरकून बसू. चला ना तुम्ही."
"छे छे," मी म्हटलं, "माझं काय. तुम्ही जा."
निघूनच गेलं तोंडातून. ती बरं म्हणाली. पण लेक आहे ती माझी. दुसऱ्यांदा नको म्हटलेलं खरं धरणार नाही. निघायच्या आधी पुन्हा विचारेल.
बॅग भरलेलीच आहे. सोफा अजून भिंतीपासून लांब आहे, तो काही आज ढकलत नाही. आत्ता तिला मेसेज केला. दोनदा लिहून दोनदा पुसला, शेवटी पाठवला तो असा: गाडीचा रंग कुठला घेतलात? मी वाट बघतोय असं नाही, पण लवकर कळव.