लपवलेल्या कमेंट्स

मंगळवार, ३ सप्टेंबर, दुपारी

दवाखान्यातल्या सिस्टरचे वडील सकाळपासून बेपत्ता! फिरायला म्हणून खाली उतरले ते परतलेच नाहीत. हल्ली त्यांच्या डोक्यातून मधूनच सगळं पुसलं जातं — घर, गल्ली, मुलीचं नावसुद्धा. तिने फोटो पाठवला, मी लगेच ‘हरवलं-सापडलं’ पेजवर टाकला.

पेज माझंच. एरवी किल्ल्या, छत्र्या, मांजरं. आज फोटो लागायचा अवकाश, लोकांच्या तोंडाची गटारं उघडली. ‘काळतोंडे’ काय, ‘तुमच्या देशात परत जा’ काय. अरे, रंग काळा म्हणून काय झालं, या माणसाचा सगळा जन्म इथे गेला! त्याची मुलगी तुमच्याच पोरांना इंजेक्शनं देते. आमच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि मी एका हाताने कमेंट्स लपवतेय. पहिले दोन शब्द वाचायचे की उडवायची. त्यातलं एक अक्षरही तिच्या नजरेला पडू द्यायचं नाही. हे म्हणाले, ‘भाजी निवडतेयस का?’ हो, निवडतेय.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सापडले! नीट क्रमाने लिहिते.

चारच्या सुमारास सिस्टर दुकानात आली. तोंड एवढंसं झालेलं. ‘ताई, इतके लोक बघतायत, कोणीच काही सांगितलं नाही?’ मी ऐटीत म्हटलं, घाण होती, ती मी सगळी काढली. ती म्हणाली, ‘काढलेलं दाखवा.’

लपवलेल्या कमेंट्स पेजच्या पोटात तशाच पडून असतात, फक्त मला दिसतात. म्हटलं, तू नको वाचूस, मी वाचते. ‘तुम्ही परत दोनच शब्द वाचाल. मला सवय आहे.’ स्टूल ओढून बसली आणि एकेक वाचत गेली, पेशंटचा चार्ट वाचावा तशी. मला तिच्याकडे बघवेना. मी उगाच काचा पुसत राहिले.

एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. ‘हे काळतोंडे कुठेही पथारी पसरतात, शहराची धर्मशाळा केलीय, हाकला सगळ्यांना’ — आणि त्या लांबलचक घाणीच्या शेपटाला: ‘बस डेपोत येऊन बसलाय, घेऊन जा.’ दुपारचीच कमेंट! मीच उडवलेली! नको तो शहाणपणा नडला, दुसरं काय.

दुकान ह्यांच्यावर टाकून टॅक्सीने डेपो गाठला. चौकशीच्या खिडकीमागे बाबा खुर्चीत बसलेले. अंगावर कोणाचा तरी स्वेटर, हातात चहाचा कप. खिडकीवाला उलट आमच्यावरच डाफरला, ‘केव्हाचं कळवलंय, कोणी येईल तर शपथ.’ म्हणजे ती कमेंट ह्याचीच. आणि स्वतःचा डबाही ह्यानेच बाबांना खाऊ घातलेला! सिस्टर त्याच्याकडे बघतच राहिली. मग बाबांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मीही रडले. इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

बुधवार, ४ सप्टेंबर

मेल्यासारखी झोपले. पेजवर नियम लावलाय — माणसाच्या रंगावर, जातीवर, देशावर घाण लिहाल तर बाहेर. मात्र उडवण्याआधी मी शेवटपर्यंत वाचणार. डोक्याला ताप आहे, पण वाचणार.

रविवार, ८ सप्टेंबर

खिडकीवाल्याला पेजवरून काढलं होतं. आज दुकानात हजर. वाटलं, भांडायला आलाय. पण मान खाली. ‘ताई, मी लिहिलेलं ते बाबांना दाखवू नका.’ तब्येत विचारायला गेला होता म्हणे, तर बाबांनी त्याला सोंगट्या खेळायलाच बसवून घेतलं.

नाही दाखवणार, म्हटलं. पण लिहिताना लाज कुठे गेली होती?

‘माझ्या खिडकीवर येऊन कोणी असं बोलला असता ना, तर मी त्याला हाकलला असता.’ वर म्हणतो, ‘फोनवर सगळेच लिहीत होते.’

राग आला. थोडी कीवही आली. त्याला पेजवर परत घेतलेलं नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

सिस्टर म्हणाली, पुसून टाका. ती कमेंट आज कायमची पुसली. खिडकीवाला दर रविवारी त्यांच्याकडे जातो. बाबा त्याला हरवतात आणि खदाखदा हसतात. त्यांना यातलं काही कळलं नाही, हे किती बरं झालं. सुटलो एकदाचे.

रविवार, २२ सप्टेंबर

सिस्टरचा फोन. आज बाबांना तिचं नावसुद्धा आठवत नव्हतं. पण खिडकीवाला खेळून गेल्यावर आपणहून म्हणाले, ‘चांगला पोरगा आहे. त्या दिवशी माझ्या शेजारी बसूनच ते सगळं लिहीत होता. मी वाचलं. मग फोन खिशात ठेवून त्याने विचारलं, चहा घेणार का? मी हो म्हटलं.’