तुझा रविवार

प्रिय छोटे,

“थोरलीला दारात उभी करून गेलं तर संध्याकाळी ती तिथंच सापडते, धाकटीला शोधायला सगळी आळी कामाला लागते.” आई हे आत्याला म्हणाली होती. आत्या हसली, तू हसलीस, मीही हसले, कारण मला ते माझं कौतुक वाटलं होतं. पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. ते कौतुक नक्की कुणाचं होतं हे मला अलीकडे कळलंय, आणि तेही तुझ्यामुळेच.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. एकाच शहरात राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. पण फोन हातात घेतला की माझा आवाज आपोआप ऑफिसातला होतो. दिवसभर टॅक्सी कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये कानाला हेडफोन लावून ड्रायव्हरांना रस्ते सांगणाऱ्या बाईला मनातलं बोलायला फोन कामाचा नाही. शिवाय तू फोनवर कुठलीही गोष्ट हसण्यावारी नेतेस, मग मलाही हसू येतं, आणि सांगायचं ते राहून जातं.

आपल्या ठकूला परगावच्या कॉलेजच्या हॉस्टेलची खोली मिळाली. बॅगा आणून झाल्या. तुझे भाऊजी त्यांची कुलपं रोज उघडून परत लावून बघतात. सोमवारी सकाळी ती निघेल. म्हणजे आता मध्ये एकच रविवार उरला, आणि तो तुम्हा दोघींचा आहे हे घरात सगळे धरूनच चालले आहेत. मला कुणी विचारलेलंही नाही.

आता तो रविवार तुला दिला कुणी, तर मीच. तू बदली घेऊन इथं आलीस तेव्हा मला रविवारची ड्यूटी असायची. पोरगी दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची. मी तुला म्हटलं, तिला जरा बाहेर ने, तुलाही सोबत होईल. मनात म्हटलं, नव्या शहरात बिचारी एकटी आहे, ठकूच तिला चार ठिकाणं दाखवेल. झालं उलटंच. घरोघरी जाऊन पडद्यांची मापं घ्यायचं तुझं काम. आज या टोकाच्या खिडक्या, उद्या त्या टोकाच्या. सहा महिन्यांत तुला शहर असं पाठ झालं की माझ्या ऑफिसातले जुने ड्रायव्हरही मागे पडतील. कुठल्या घरातून काय दिसतं, कुठल्या जिन्यावर वारा येतो, कुठल्या दुकानदाराला गप्पा आवडतात, सगळं. रविवारी संध्याकाळी ठकू घरी यायची ती चप्पल काढायच्या आधी बोलायला लागायची. मी पोळ्या लाटत ऐकायचे आणि ‘हो का?’ म्हणायचे. आता तर माझ्या ‘हो का?’ची ती नक्कल करते. चांगली करते.

आणि तू तिचं नाव भिंगरी ठेवलंस. ठकू हे नाव मी ठेवलं होतं, ती पाळण्यात असताना. परवा मी आतून हाक मारली, “ठकू”, तर उत्तर नाही. पुन्हा मारली, तरी नाही. मग कुणास ठाऊक कसं, तोंडातून “भिंगरी” निघालं, आणि ती लगेच “काय गं?” म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. काम खरंच काही उरलं नव्हतं.

तर लिहूनच टाकते. मला तुझा हेवा वाटतो. भाऊजींना हे माझ्या आधी समजलं. भांडी आवरताना म्हणाले, तू हल्ली धाकटीचा विषय निघाला की ताटल्या जोरात ठेवतेस. मी म्हटलं, ताटल्याच जड आहेत. ते म्हणाले, मावशीच आहे ना, परकी का आहे? हे त्यांना कसं सांगू? परकी असती तर सोपं होतं. परकीला नावं ठेवता येतात. तुझं नाक माझ्यासारखं, हसणं आईसारखं, आणि माझ्या मुलीवर तुझी माया आहे ती खरी. नावं कुठं ठेवू?

तुला वाटेल, मग आमच्याबरोबर यायचं होतंस. आले होते की एकदा, सुट्टी काढून. आठवतोय ना तो दिवस? मी निघतानाच ठरवलं होतं की आज रस्ता मी दाखवायचा. इतकी वर्षं याच शहराचा नकाशा माझ्यासमोर उघडा असतो. कुठला रस्ता कुठं मिळतो हे मला झोपेत विचारा. जुन्या गोदामांपाशी तू डावीकडे वळायला लागलीस आणि मी ऐटीत म्हटलं, नाही, सरळ चला, पुढे मोठा रस्ता आडवा येतो, तिथून बाग जवळ. आलाच तो मोठा रस्ता. आडवाच आला, पण आपल्या डोक्यावरून. पुलाखाली उभ्या राहून आपण तिघी माना वर करून बघत होतो आणि वरून गाड्या धडधडत जात होत्या. नकाशावर दोन रेघा एकमेकींना कापतात एवढंच दिसतं; एक वर आहे आणि एक खाली, हे खुर्चीत बसून कळत नाही. ठकूने मला विचारलं, आता शिडी मागवायची का मॅडम? आणि तुम्ही दोघी भिंतीला टेकून हसायला लागलात. वाईट हसणं नव्हतं ते. पण तू तिच्या खांद्यावर हात ठेवून हसत होतीस, आणि मी जणू रस्त्याच्या पलीकडे होते. तेव्हापासून घरात कुणाचं काही चुकलं की ती म्हणते, ‘रस्ता वरून गेला.’ मीसुद्धा म्हणते.

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली. तुला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी, ठकू क्लासला गेली की, मी घराबाहेर पडायचे. स्वतःलाच अट घातली होती: ज्या जागेचं नाव मी रोज हेडफोनमध्ये बोलते आणि जी मी कधी पाहिलेली नाही, अशा एका जागी जायचं. चालत किंवा बसने. टॅक्सीने नाही. हे काही शहराच्या प्रेमापोटी नव्हतं, छोटे. तुझ्याशी चढाओढ होती.

पहिल्या दिवशी तर मी बसस्टॉपवर पाहुणीसारखी उभी. कुणाला विचारायची लाज वाटत होती. तेवढ्यात एका माणसाने मलाच पत्ता विचारला. मी सवयीने सिग्नल, वळण, खुणेची इमारत, सगळं एका दमात सांगितलं. तो आभार मानून निघाला आणि मला धास्ती वाटली, याचाही रस्ता डोक्यावरून गेला तर? म्हणून मी त्याच्या मागे मागे चालत गेले. तो बरोबर पोचला. दारापाशी त्याने वळून माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. पण मी खूश होते. असं करता करता मी पुष्कळ फिरले. कालव्याचा रस्ता बघितला, जिथं आता कालवाच नाही, नुसता बाक आहे. घड्याळवाल्या चौकाची उतरण पाहिली. ती उतरण एवढी उभी आहे हे माहीत असतं तर म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना मी टॅक्सीतून वरच्या बाजूला उतरवायला सांगितलं असतं. आता सांगते.

मग एक दिवस जेवताना, अगदी सहज म्हटल्यासारखं, मी ठकूला कालव्याच्या रस्त्याबद्दल सांगायला लागले. तिथं एक छत्री दुरुस्त करणारा आहे, त्याच्या दुकानात एक लठ्ठ मांजर… पुढचं तिनेच सांगितलं. “गल्ल्यावर बसतं ते ना? आई, तिथं आम्ही कधीच जाऊन आलोय. मावशी त्याला मालक म्हणते.” उतरणीचंही तेच. नदीकाठच्या जुन्या बाजाराचंही तेच. जिथं जावं तिथं तुम्ही दोघी आधी बसून उठलेल्या. नवं म्हणून हौसेने उघडलेल्या पुस्तकात पानोपानी आधीच कुणीतरी रेघा मारून ठेवलेल्या असाव्यात, तसं. मी सांगायचं बंद केलं. फिरायचं मात्र थांबवलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात मला एक जागा सापडली. एका गल्लीच्या नावाची पाटीच जाग्यावर नाही आणि ड्रायव्हर पुन्हा पुन्हा चुकतात, म्हणून मी पालिकेत फोन केला. ते म्हणाले, पाटी रंगवायला गेली आहे. कुठं, विचारलं. त्यांनी पत्ता सांगितला. एवढ्या वर्षांत त्या पत्त्यावर मी एकही गाडी पाठवलेली नव्हती. सुट्टीच्या दिवशी गेले. लांबलचक शेड, आणि आत सगळ्या शहराच्या पाट्या. रंग उडालेल्या, वाकलेल्या, नव्याने रंगवून वाळत ठेवलेल्या. एकमेकांपासून कोसभर लांबचे रस्ते तिथं भिंतीला टेकून खांद्याला खांदा लावून उभे होते. तिथली मुख्य रंगारी एक बाई आहे, तिच्या शर्टाच्या बाह्यांवर निळे डाग. काय हवंय म्हणाली. मी खरं ते सांगितलं, की ही नावं मी रोज बोलते, लिहिलेली बघायची होती. तिने हातानेच ‘बघा’ म्हटलं. मी एकेक पाटी वाचत गेले आणि नकळत मोठ्याने, माझ्या त्या ऑफिसच्या आवाजात, कुठला रस्ता कुठून निघून कुठं जातो ते बोलायला लागले. त्या बाईने ब्रश खाली ठेवला. म्हणाली, थांबू नका, ऐकू दे. आम्ही नुसती अक्षरं रंगवतो. मग मी शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत गेले. कुठेही अडले नाही. आणि सारखं वाटत होतं, ठकू इथं हवी होती. तिने मला पुलाखाली मान वर करून उभी असलेली पाहिलंय. अशी बोलताना पाहिलेलं नाही.

ही जागा कुठं आहे ते मी लिहिणार नाही. तुझे पाय मला माहीत आहेत. शनिवारीच जाऊन येशील. ठकूला मी बसमध्ये, गाडीच्या आवाजात आवाज मिसळून विचारून पाहिलं, की रविवारी माझ्याबरोबर एके ठिकाणी येशील का. ती म्हणाली, “येईन, पण मावशीचं काय?” वाईट तोंड करून नाही, सरळ विचारलं. मी म्हणाले, बघू.

म्हणून हे पत्र. छोटे, हा रविवार मला दे. तूच तिला सांग की तुला जमत नाही. काम निघालं म्हण, पाय दुखतो म्हण, काहीही म्हण, पण मी मागितला असं सांगू नकोस. खरं म्हणजे माझ्या सुट्टीचा वारही चालला असता, रविवारसाठी तर मला उलट रजा टाकावी लागेल. पण मला तुझाच हवा आहे. आणि मी काय मागते आहे ते मला समजतं. तुझ्याही वाट्याचा हा शेवटचा रविवार आहे. सोमवारनंतर मला निदान तिची खोली आवरायला असेल, तुला तेवढंही नाही. तू नाही म्हणशील हेही मला माहीत आहे, आणि ते कसं म्हणशील तेही. “वेडी आहेस का तायडे, तिघी जाऊ की,” असं हसत म्हणशील, मनापासून म्हणशील, आणि ऐनवेळी तिच्या खांद्यावर तुझाच हात असेल. तरी विचारते. तिघी नको. या रविवारी तू येऊ नकोस.

इतका हेवा करूनही, कुणाशी वाटून न घेता तुझीच,

तायडी