बुधवार थोरला पाहिजे

माकणी,
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

प्रिय महेश्वरी,

अव्वाचा आशीर्वाद. माझाही आहे, तू घेणार असशील तर. इकडं आम्ही दोघी ठीक आहोत. थंडी बरी पडली आहे, अव्वाचा गुडघा कुरकुरतो, म्हशी मात्र खुशीत आहेत. तू सोलापुरात काय करतेस ते पाकिटावरून थोडंफार कळलं.

पाकीट मिळून महिना होऊन गेला. आत नमुन्याची पानं, कव्हरांचे तुकडे आणि तुझी चिठ्ठी: "अक्का, पाहिजे तसं निवडून कळव. तुझ्यासाठी करते." तीन वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली ओळ, आणि तीही गिऱ्हाइकाला लिहावी तशी! तरी मी ती भट्टीपुढं उभी राहून वाचली आणि कढईतलं दूध तळाला लागलं. फोन करणार होते. पण फोनवर आपण दोघी दुसऱ्या वाक्यालाच भांडतो, म्हणून कागद घेतला.

तर तुझा तो आठवड्याचा प्लॅनर. निवडणं एवढं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. मी आजवर निवडलं काय, तर ही कढई, तीही अप्पांनी दाखवलेल्या दोनांतली एक. आणि तू विचारतेस, रेघा हव्यात, ठिपके हवेत की कोरं? भिंतीवरचा की टेबलावरचा? आठवडा सोमवारपासून की रविवारपासून? खवा करताना हात आपोआप फिरतो, डोकं रिकामंच असतं, त्यात तुझी पानं शिरून बसली. उलथनं फिरतंय आणि मी मनातल्या मनात कव्हरं लावते, काढते. निळं लावलं की धरणाचं पाणी दिसतं, सकाळचं, वर धुकं असलेलं. पिवळं लावलं की फुललेली करडई. एक दिवस तर खवा कधी झाला ते कळलंच नाही. भागवत म्हणून एकजण दूध गोळा करायला ठेवलाय, तू गेल्यावर. तो म्हणाला, "कुणाला हसायलाव अक्का?" मी म्हटलं, धुराला.

एका पानावर तू रोजच्या पाण्याचे आठ ग्लास काढलेस. ते काढून टाक, इथं कुणी मोजून पीत नाही. हसरे-रडके चेहरेही नकोत. भट्टीपुढं चेहरा एकच असतो, लाल.

मग म्हटलं, एक पान भरून तरी बघू. सोमवार: दूध, खवा. मंगळवार: दूध, खवा, तुळजापूरच्या पेढेवाल्याचा डबा. बुधवार: दूध, खवा. शनिवारपर्यंत गेले आणि पेन खाली ठेवलं. तू जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होतीस, "ह्या घरात वारच नसतात अक्का, नुसतं उजाडतं. एखादा वार सुट्टीचा ठरव, मग मी येते." तेव्हा राग आला होता. पान भरताना वाटलं, अगदी खरं बोलली होती पोरगी, आणि मग जास्तच राग आला.

अप्पांना माती देऊन आलो त्या संध्याकाळी मी भट्टी पेटवली, ते तू विसरली नाहीस. मीही नाही. ओसरीवर दुधाचे कॅन येऊन थांबले होते. मी चुकले असं मी आजही म्हणणार नाही. लोकांचं दूध नासलं असतं तर अप्पांनाच आवडलं नसतं. पण तू भिंतीला टेकून रडत होतीस आणि मी तुझ्याकडं पाठ करून उलथनं फिरवत होते. धुरामुळं कुणाला कळलं नाही, मीही रडत होते. तुला तरी कळायला पाहिजे होतं गं.

असो. प्लॅनरचं बोलू.

ते अर्धं भरलेलं पान चार दिवस खिडकीत पडून होतं. त्यानंतर मी डेअरीच्या गाडीवाल्याला सांगितलं, बुधवारचं दूध तू ने. भाव कमी पडतो, पडू दे. तेव्हापासून बुधवारी आपली भट्टी बंद असते. हे मी पहिल्याच ओळीत लिहायला पाहिजे होतं, पण थंडी आणि गुडघ्याचं लिहीत बसले.

पहिल्या बुधवारी काय करावं ते कळेना. भांडी घासली, ती घासलेलीच होती. शेवटी अव्वाला घेऊन धरणाकडं गेले. पाणी अगदी शांत होतं. काठावरच माझा डोळा लागला. स्वप्नात सगळं धरण दुधाचं होतं आणि कुणी आटवत नव्हतं. अप्पा गुडघाभर दुधात उभे, दोन्ही हात मोकळे. "राहू दे की असंच," म्हणाले. जाग आली तेव्हा अव्वा माझ्या केसांवरून हात फिरवत होती, मी शाळेत जाणारी असल्यासारखा. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसलो. मला तुझी फार आठवण आली.

काल परत बुधवार होता. अव्वानं सकाळीच इरकल नेसलं आणि ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून बसली. मी विचारलं, "कोन येनार हाय अव्वा?"

"कुनी न्हाय. सुट्टी हाय न्हवं आज!"

जेवायला आत बोलावलं तर ताट तिथंच मागितलं. शेवटची एसटी गेली तेव्हा उठली. तिचं मन रमावं म्हणून मी तुझी पानं पुढ्यात ठेवली. चष्मा लावून तिनं एकेका रकान्यावर बोट फिरवलं.

"बुधवार लई बारका काढलाय की लेकीनं."

"सगळे सारखेच हायत अव्वा."

"तेच म्हनलं म्या. बुधवार थोरला पायजे."

एवढं म्हणून तिनं चष्मा काढला. मीही पानं गोळा करून ठेवली.

तेव्हा आता लिहून घे. भिंतीवर लावायचा. कव्हर निळं. रेघा नकोत. नाव नीलम्मा असं छाप, अव्वाचं नाव कुठं छापलेलं तिनं अजून पाहिलं नाही. आठवडा गुरुवारपासून सुरू कर, म्हणजे बुधवार शेवटी येईल आणि आम्हाला त्याच्याकडं बघत बघत जाता येईल. सहा वार बारके चालतील. बुधवार अव्वा म्हणते तसा थोरला, आणि कोरा.

बुधवारच का, ते भागवतनंही विचारलं. मी सांगितलं, सोमवार, मंगळवार, शुक्रवार पेढेवाल्यांची मागणी असते, ते वार सोडता येत नाहीत. ते खोटं नाही. पण तुझ्या पाकिटाच्या मागं, पत्त्याच्या खाली, बारीक अक्षरात छापलंय: दुकान बुधवारी बंद.

प्लॅनर कुरिअरनं पाठवू नकोस. सोलापूर काही फार लांब नाही. मंगळवारच्या कढईची खरवड तुझ्यासाठी झाकून ठेवत जाईन, तुला ती शिळीच आवडायची.

वार ठरवलाय, महे.

तुझी,
अक्का